नवशिक्यांसाठी हल्ला : हट्टा पद्धत

ज्याला मोहरे कसे चालतात एवढंच ठाऊक आहे आणि तेवढ्या भांडवलावर वयाने मोठ्या माणसाला हरवायचं आहे, त्याच्यासाठी ही पुस्तिका आहे. घोड्याची अडीच घरं अजून बोटाने मोजावी लागत असतील तरी चालेल. किल्लेकोट येत नसेल तर उत्तमच. खाली दिलेल्या डावात तो कुणीच करत नाही.

तयारी

वसमत तालुक्यात हळद काढून, शिजवून, वाळवून, पॉलिश करून झाली की माणसांच्या हाताला थोडी उसंत मिळते. हट्ट्याला बुद्धिबळाचा हंगाम म्हणायचा तर तोच. जागा हॉटेलसमोरच्या बाकड्याची निवडावी. घरात खेळू नये, घरात डाव पुरा होत नाही.

हट्टा आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ च्या आधी ते परभणी जिल्ह्यात होतं आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या मुलखात. हे नवशिक्याला कशाला सांगायचं, तर समोर बसणाऱ्या मामांना बुद्धिबळ त्यांच्या आज्याने शिकवलं आणि आजा ते निजामाच्या राज्यात शिकला होता. म्हणजे देशी पद्धतीचं. शेवटचं भांडण त्यावरूनच होणार आहे.

साहित्यात एक पट आणि बत्तीस मोहरे लागतात. बत्तीस कधीच भरत नाहीत. या पटात पांढऱ्याचा डाव्या कोपऱ्यातला हत्ती हरवलेला आहे आणि त्याच्या जागी एक चांगलं जाड, पॉलिश केलेलं हळकुंड उभं केलेलं आहे. ते उभं राहत नाही, आडवं पडतं. पडू द्यावं. खेळाडूंनी एवढंच ध्यानात ठेवायचं की ते हत्ती आहे. हे वाक्य पेन्सिलीने अधोरेखित करून ठेवा.

घरांची नावं आता मोबाइलवाल्या पोरांमुळे सगळ्यांना समजतात. पांढऱ्याच्या डाव्या हाताकडून उजवीकडे ए, बी, सी करत एच; आणि पांढऱ्याकडून काळ्याकडे १ ते ८. हळकुंड ए१ वर आहे.

बघे

नियमाप्रमाणे बघ्यांनी बोलू नये. हट्ट्याचे बघे बोलत नाहीत, फक्त श्वास घेतात. चूक खेळी करायला हात गेला की सात-आठ जण एकदम श्वास आत घेतात, बरोबर मोहऱ्यावर हात गेला की सोडतात. नवशिक्याने पटाकडे बघत कान बघ्यांकडे ठेवावेत. हे गैर आहे का? आहे. पण समोरचाही तेच करतो आहे.

पैज आधी ठरवावी. साधी मात झाली तर हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला चहा पाजायचा. प्यादेमात झाली, म्हणजे प्याद्याने राजाला मारलं, तर सगळ्या बघ्यांना चहा. ही दुसरी अट मामांनी स्वतःच घातली, आज्याच्या आठवणीखातर. घालताना त्यांनी बघे मोजले नाहीत.

डाव

पांढरे बारावीच्या पोराकडे, काळे मामांकडे.

१. पांढरं प्यादं ई४, काळं प्यादं ई५. दोघांनीही राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मामांनी टाकलं खरं, पण कुरकुरत: “पयल्याच पावलाला दोन घरं! आमच्या आज्याच्या पटावर प्यादं एक-एक घर चालायचं.” हे खरं आहे. देशी पद्धतीत डाव संथ चढायचा. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला, शह बसलेला नसेल तोवर, एकदाच घोड्याची उडी मारता यायची. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्या घरात पोचलं तिथलाच मोहरा व्हायचं. मनाला येईल ते मागून वजीर मिळायचा नाही. दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांनी बुद्धिबळावर ‘विलासमणिमंजरी’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि १८१४ साली मुंबईत त्याचं इंग्रजी भाषांतर निघालं, तेव्हा ते विलायती खेळाशी जुळवून घ्यावं लागलं होतं. मामांना मात्र विलायतेशी जुळवून घेताना अजून त्रास होतो.

२. घोडा एफ३, घोडा सी६. पांढरा ई५ च्या प्याद्यावर आला, काळ्याने ते राखलं. इथे बोलण्यासारखं काही नाही.

३. उंट सी४, घोडा एफ६. उंटाची नजर आता तिरकी काळ्याच्या एफ७ वर जाते. नवशिक्याने हे एक घर पाठ करावं. डावाच्या सुरुवातीला एफ७ ला फक्त राजाचा पहारा असतो, दुसऱ्या कुणाचाही नाही. जगभरच्या नवशिक्यांच्या हल्ल्यांपैकी बहुतेक याच घरावर होतात आणि जगभरचे मामा ते विसरतात.

४. घोडा जी५, प्यादं डी५. एकच मोहरा सुरुवातीला दोनदा हलवू नये असं सगळे गुरुजी सांगतात. पोराने हलवला. आता एफ७ वर घोडा आणि उंट असे दोघं चालून आलेत. बघ्यांनी श्वास आत घेतला, पण कुणाच्या बाजूने ते कळलं नाही. मामांनी डी५ ला प्यादं सारून उंटाची वाट अडवली. ही खेळी चोख आहे.

५. प्याद्याने डी५ चं प्यादं मारलं, घोड्याने ते प्यादं मारलं. इथे डाव वाकडा गेला. जाणकार काळा इथे सी६ चा घोडा ए५ वर नेऊन उंटाला हुसकतो आणि एका प्याद्याचं नुकसान सोसतो. मामांनी सोसलं नाही. “आपलं घेतलंय, आपण घ्यायचं.” व्यवहारात हे बरोबर असेल. काट्यावर हळद मोजताना मामा हाच नियम पाळतात आणि आजवर त्यांना खोट आलेली नाही.

६. घोड्याने एफ७ चं प्यादं मारलं, राजाने घोडा मारला. घोडा एफ७ वर बसला की एका पायाने वजिरावर, दुसऱ्याने हत्तीवर. राजाला घोडा मारावाच लागतो. पोराने एका प्याद्यासाठी अख्खा घोडा दिला. ही युक्ती पोराची नव्हे. सुमारे चारशे वर्षांपूर्वी इटलीत पोलेरिओ नावाचा खेळाडू ती खेळला आहे. इंग्रजीत तिला तळलेल्या कलेजीचं नाव आहे, म्हणून श्रावणात आम्ही तिला नुसतं ‘पोराचं ते’ म्हणतो.

घोडा देताना घ्यायची काळजी: चेहऱ्यावर चूक झाल्याचा भाव आणू नये. मामा लोक त्याला फसत नाहीत. घोडा हळू ठेवावा आणि चहाकडे बघावं.

७. वजीर एफ३ शह, राजा ई६. पहिला शह. वजीर शह देतो आणि त्याच वेळी डी५ च्या घोड्यावर उंटासोबत दुसरा वार करतो. राजा मागे सरला तर घोडा फुकट जातो. घोडा राखायचा तर राजाने स्वतः पुढे यायचं, पटाच्या मध्यात, भर उन्हात. मामा पुढे आले. एक बघा म्हणाला, “मामा, राजा उघडा पडला की.” मामा म्हणाले, “राजा काय लपायला केलाय का?” खेळी मात्र चुकीची नाही. जुनी पुस्तकंही हीच सांगतात. चूक पुढच्या खेळीत आहे.

८. घोडा सी३, घोडा डी४. इथे नवशिक्याने पुस्तिका मिटून दोन घोट चहा प्यावा, कारण पोराची ही खेळी नवशिक्याला सुचत नाही. उघडा राजा दिसला की हात शिवशिवतात. शह, शह आणि शह द्यावासा वाटतो. शह देत सुटलं की राजा पळत सुटतो आणि पळता पळता नेमका सुरक्षित घरात जाऊन बसतो. पोराने शह दिला नाही. घरी बसलेला दुसरा घोडा बाहेर काढला आणि डी५ वर तिसरा वार उभा केला. मोबाइलवर शिकलेल्या पोरांना हे कसं येतं, यावर बाकड्यावर मतभेद आहेत. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली, तेव्हापासून पोरांच्या मोबाइलला घरचे थोडे कमी रागावतात. मामांच्या पिढीचा अभिमान वेगळा: मुंबईच्या खाडिलकर भगिनी. त्यांतल्या रोहिणी खाडिलकर यांनी १९८१ साली हैदराबादला आशियाई महिला अजिंक्यपद मिळवलं. “त्येंच्याकडं कुठं व्हता मोबाइल?” हा मामांचा मुद्दा आहे, आणि तो खोडता येत नाही.

काळ्याने इथे सी६ चा घोडा बी४ वर किंवा ई७ वर नेऊन डी५ राखायला हवं होतं. मामांनी तो डी४ वर टाकला. का? कारण तिथून तो वजिरावर जातो. वजिरावर गेलेला घोडा दिसायला रुबाबदार असतो. बघ्यांपैकी तिघांनी श्वास सोडला. ते तिघंही त्या दिवशी चुकले.

९. उंटाने डी५ चा घोडा मारला, शह, राजा डी६. वजिरावर घोडा चालून आलेला असताना पोराने वजीर हलवलाच नाही, शह दिला. शहाला आधी उत्तर द्यावं लागतं, वजीर थांबू शकतो. मामांचा हात आपल्या वजिराकडे गेला, उंट मारायला. तो मारला असता तर पांढऱ्या वजिराने काळा वजीर फुकट नेला असता, शिवाय शहासह, कारण मागे सी३ चा घोडा जोर धरून बसलाय. श्वासांचा आवाज झाला. मामांनी हात मागे घेतला आणि राजा डी६ वर सरकवला.

१०. वजीर एफ७, उंट ई६. डावातली सगळ्यात सुंदर खेळी हीच, आणि हिच्यात शह नाही, मार नाही, काहीच नाही. वजीर काळ्याच्या मुलखात जाऊन गप्प बसला. काय करतोय तो तिथे? राजा डी६ वर आहे. वजिराने डी७, ई७ आणि ई६ ही घरं बंद केली. उंटाने सी६ बंद केलं. ई५ आणि सी७ वर काळ्याचीच प्यादी बसलीत. उरलं सी५. आता सी३ चा घोडा ई४ वर आला की एकाच वेळी शह बसतो आणि सी५ ही जातं. म्हणजे मात. ही धमकी ज्याला दिसते त्याला हल्ला समजला. घरं मोजायची असतात ती आपल्या मोहऱ्यांची नाहीत, समोरच्या राजाची.

मामांना दिसली. कपाळावरचा घाम पुसून त्यांनी उंट ई६ वर घातला: वजिराची रेष तुटली आणि उंट उलट वजिरावर गेला.

११. उंटाने ई६ चा उंट मारला, घोड्याने तो उंट मारला. देवाणघेवाण.

१२. घोडा ई४ शह, राजा डी५. पांढरा उंट गेल्यामुळे सी६ हे घर आता मोकळं आहे. राजा तिकडे गेला असता तर ई६ चा घोडा पडला असता, डाव कदाचित हरलाच असता, पण लांबला असता आणि बघ्यांना कंटाळून घरी जावं लागलं असतं. मामा डी५ वर आले, कारण तिथून ते घोड्यावर जातात. संकटात सापडलेल्या माणसाला काहीतरी मारायला मिळालं की बरं वाटतं.

१३. प्यादं सी४ शह, राजाने ई४ चा घोडा मारला. पोराने दुसरा घोडाही दिला. बाकडं करकरलं, इतके लोक पुढे वाकले.

१४. वजिराने ई६ चा घोडा मारला, वजीर डी४. आता मोहरे मोजा. दोन्हीकडे एक वजीर, दोन हत्ती, एक उंट. प्यादी पांढऱ्याची सात, काळ्याची सहा. पोराने इतकं दान करूनही हिशेब जवळजवळ बरोबरीत आहे. फरक इतकाच की पांढऱ्याचा राजा सकाळी मांडला तिथेच आहे आणि काळ्याचा ई४ वर, पांढऱ्याच्या अंगणात उभा आहे. ही चौदावी खेळीही बिनशहाची आहे. सगळ्या डावात पोराने शह दिले सात, शेवटचा धरून. पण डाव फिरला तो आठवी, दहावी आणि चौदावी या तीन गप्प खेळींनी.

मामांनी वजीर राजाशेजारी डी४ वर आणला. वजीर सोबत असला की धीर येतो. पण इथे त्याने राजाचं एक घर अडवलं.

१५. वजीर जी४ शह, राजा डी३. इथून पुढे मामांना खेळायचं असं काही उरलं नाही. सगळी चौथी ओळ वजिराखाली, ई३ वर दोन प्याद्यांची नजर, डी५ वर सी४ च्या प्याद्याची. एकच घर मोकळं: डी३. हळदीला दारं धरताना माणूस पाण्याला ढकलत नाही. बाकीची तोंडं बांधतो आणि एक उघडं ठेवतो, पाणी आपोआप तिकडे जातं. पोराच्या घरी शेती आहे. त्याला हे शिकवावं लागलं नाही.

१६. वजीर ई२ शह, राजा सी२. परत एकच घर. वजिराला मारता येत नाही, कारण त्याच्यामागे सकाळपासून न हललेला राजा आहे. मामांचा राजा ई८ वरून निघून एफ७, ई६, डी६, डी५, ई४, डी३ करत सी२ ला आला. सात पावलांत पट ओलांडला. “पोचलो बघा,” मामा म्हणाले. त्यांना खरंच वाटलं होतं की पोचलो, कारण आता शेजारी सी१ वर पांढरा उंट एकटा बसलेला होता.

१७. प्यादं डी३, शह आणि मात. डी२ वरचं प्यादं एक घर पुढे सरकलं. ते सरकल्याबरोबर त्याच्यामागे दडलेल्या वजिराची दुसरी ओळ उघडली आणि शह बसला. हलणारा एक, मारणारा दुसरा.

मामांनी राजा उचलला आणि सी१ च्या उंटावर ठेवला. “खाल्ला.” पोराने काही न बोलता कोपऱ्यातल्या हळकुंडावर बोट ठेवलं. ए१ वरून बी१ मोकळं, सी१ वर सरळ जोर. मामा हळकुंडाकडे बघत राहिले. “ते हत्ती हाय व्हय?” सकाळपासून ते एकदाही हललं नव्हतं; मध्ये कुणीतरी ते उचलून वास घेऊन परत ठेवलं होतं, त्या घरावर अजून पिवळा डाग आहे. मामांनी राजा परत सी२ वर आणला आणि एकेक घर बोटाने चाचपलं. बी१: हळकुंड. बी२: वजिराची ओळ. बी३: ए२ चं प्यादं. सी३: बी२ चं प्यादं. डी१, डी२: राजाच शेजारी. डी३: प्यादं मारावं तर मागे वजीर. आठ घरं झाली, एकही मिळालं नाही.

मातेनंतर

बाकीच्या पुस्तिका इथे संपतात. हट्टा पद्धतीत हल्ल्याचा अवघड भाग इथून पुढे सुरू होतो.

प्रश्न असा: ही साधी मात की प्यादेमात? मामा म्हणाले, शह वजिराचा आहे, राजाला वजिराने मारलं, प्यादं नुसतं बाजूला झालं. एक चहा. बुद्धिबळाच्या दृष्टीने त्यांचं म्हणणं सोळा आणे बरोबर आहे. पण बघे आता श्वास घेत नव्हते, बोलत होते. हललं कोण? प्यादं. शेवटची खेळी कुणाची लिहायची? प्याद्याची. मग मात कुणाची? एकाने तर आज्याचाच हवाला दिला: “मामा, तुमच्या आज्यानं प्याद्याचा मान ठिवला असता.” बघ्यांच्या निकालात एकही मत फुटलं नाही. ज्यांना चहा मिळणार होता त्यांनीच न्याय केला, हे मामांनी बोलून दाखवलं. कुणीही नाकारलं नाही.

या वेळी हल्लेखोराने तोंड उघडू नये. “मामांचं बरोबर आहे” असं म्हणायचा मोह होईल. म्हटलं तर बघे पुढच्या डावात उलट्या बाजूने श्वास घेतील. पोराने मोबाइल काढला आणि हवामान पाहिलं.

हॉटेलवाला निकालाची वाट बघत थांबला नव्हता. त्याने मोठं पातेलं केव्हाच चढवलं होतं आणि कप मांडून झाले होते. मामांनी खिशातून पैसे काढले, मोजले, परत मोजले. मग खाली बसून काळे मोहरे आपल्याकडे ओढले. पोर पट फिरवायला लागला तसं त्यांनी त्याचा हात धरला.

“फिरवू नकू. काळेच राहू दे माझ्याकडं. आन त्यो घोडा आण पुन्हा जी५ वर.”